महाराष्ट्राचे खासदार ४८च का? ठाण्यात बसून स्वतः करून बघायचा हिशेब

नौपाड्यात संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी राज्यघटना शिकवतो. दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा दिव्याहून नाहीतर कळव्याहून लोकलच्या दारात उभा राहून आलेला असतो. "सर, माणसं एवढी वाढली, मग खासदार का नाही वाढले?" पूर्वी मी कलम ८१ वाचून दाखवायचो. मुलं लिहून घ्यायची, समजायचं कुणालाच नाही. हल्ली मी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडायला सांगतो. तुम्हीही उघडा, आणि एखादा पाठकोरा कागद घ्या. आमच्याकडे विजेच्या बिलाची मागची बाजू चालते.

आकडेमोडीआधी एक गाठ सोडवून घेऊ. इथे वाटण्या दोन आहेत. पहिली राज्याराज्यांतली: लोकसभेच्या ५४३ जागांपैकी महाराष्ट्राला किती, केरळला किती. दुसरी राज्याच्या आतली: महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी ठाण्याकडे किती, विदर्भाकडे किती. पहिल्या वाटणीत १९७१च्या जनगणनेची लोकसंख्या धरतात आणि दुसरीत २००१ची. यातलं अर्धं गणित शिकवताना मीच चुकलो होतो. पहिल्या वर्षी फळ्यावर दोन्हींपुढे १९७१ लिहून मोकळा झालो. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मग ठाणे जिल्ह्याचे आमदार १३चे २४ कसे झाले?" त्या दिवशी तास लवकर सुटला.

सोसायटीपासून सुरुवात

आमच्या सोसायटीला तीन विंग आहेत आणि कमिटी ११ जणांची. कुठल्या विंगचे किती सभासद, हे उपविधीत नाही, पण फ्लॅटच्या प्रमाणात घ्यायची रीत पडून गेली आहे. समजा, ए विंगमध्ये ४५ फ्लॅट, बी मध्ये २७, सी मध्ये १६. एकूण ८८. भागिले ११, म्हणजे एका जागेमागे ८ फ्लॅट. या ८ला म्हणू 'दर'. आता प्रत्येक विंगला दरानं भागा: ए ५.६२, बी ३.३७, सी बरोबर २. अर्धा सभासद तर बसवता येत नाही, म्हणून जवळचा पूर्णांक धरायचा: ६, ३ आणि २. बेरीज ११. भांडण नाही.

आता बी विंगवर मजले चढतात आणि तिथले फ्लॅट २७चे ३५ होतात. एकूण ९६. कमिटी मात्र ११चीच. नवा दर ८.७३. ए विंग ५.१६, बी ४.०१, सी १.८३. म्हणजे ५, ४ आणि २. आता ए विंगवाल्यांच्या जागी बसून बघा. त्यांचा एकही फ्लॅट कमी झाला नाही, कुणी घर विकून गेलं नाही, मेंटेनन्सही थकलेला नाही. तरी त्यांची एक जागा गेली. एकूण आकडा बांधून ठेवला की शेजाऱ्याची वाढ ही आपली घट होते. देशात गेली पन्नास वर्षं जो वाद धुमसतो आहे, तो हाच. फक्त विंगच्या जागी राज्यं ठेवा.

पूर्णांक करतानाची ओढाताण किती बारीक असू शकते, त्याचं एक अमेरिकी उदाहरण मला फार आवडतं. तिथल्या प्रतिनिधिगृहात ४३५ जागा ठरलेल्या आहेत आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर त्या राज्यांत नव्यानं वाटतात. २०२०च्या मोजणीनंतर न्यूयॉर्क राज्याची एक जागा गेली. आणखी ८९ माणसं मोजली गेली असती, तर ती राहिली असती. ८९ माणसं म्हणजे आपल्याकडे सकाळच्या कर्जत लोकलचा अर्धा डबाही नाही.

राज्याराज्यांतली वाटणी: १९७१चा आकडा

कलम ८१ सांगतं की राज्याची लोकसंख्या आणि त्याच्या जागा यांचं प्रमाण सगळ्या राज्यांत 'शक्य तितकं' सारखं असावं. खरंच सारखं आहे का, हे तपासणं सोपं आहे. १९७१ला महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५,०४,१२,२३५. भागिले ४८. उत्तर १०,५०,२५५. म्हणजे एका खासदारामागे साडेदहा लाख माणसं.

आता इतरांचं करून बघा. केरळ २,१३,४७,३७५ भागिले २०: दहा लाख सदुसष्ट हजार. तमिळनाडू ४,११,९९,१६८ भागिले ३९: दहा लाख छप्पन्न हजार. राजस्थान २,५७,६५,८०६ भागिले २५: दहा लाख तीस हजार. उत्तर प्रदेश ८,८३,४१,१४४ भागिले ८५: दहा लाख एकोणचाळीस हजार. (इथे ८० धरू नका. उत्तराखंड तेव्हा वेगळा झालेला नव्हता. २०००मध्ये राज्य फुटलं तेव्हा ८५चे ८० आणि ५ झाले. बिहारचंही तसंच, ५४चे ४० आणि १४.) सगळी उत्तरं साडेदहा लाखांच्या आसपास घुटमळतात. वर्गात मुलं पाच राज्यांचे भागाकार पाच वेगवेगळ्या फोनवर करतात आणि उत्तरं एका ओळीत येऊन उभी राहतात, तेव्हा 'शक्य तितकं' या शब्दांचा अर्थ मला वेगळा सांगावा लागत नाही.

हुशार पोरगं लगेच एक खोड काढतं. १९७१ला देशाची लोकसंख्या ५४.८ कोटी होती. भागिले ५४३ केलं तर दर दहा लाख दहा हजारांच्या आत येतो. मग मोठ्या राज्यांचा दर त्याहून जास्त का? कारण छोटी राज्यं या हिशेबातून बाहेर आहेत. १९७३च्या ३१व्या घटनादुरुस्तीनं ६० लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्यांना समान प्रमाणाच्या नियमातून सूट दिली. शिवाय सिक्कीम, नागालँड, मिझोरम यांना लोकसंख्या कितीही कमी असली, तरी एक खासदार लागतोच. केंद्रशासित प्रदेशांच्या जागा वेगळ्या. लक्षद्वीपच्या खासदाराला २०२४मध्ये साठ हजारांच्या आतच मतदार होते आणि आपल्या ठाण्याच्या खासदाराला सुमारे २५ लाख. छोट्यांना दिलेलं हे झुकतं माप मोठ्यांच्या ताटातून येतं, म्हणून मोठ्यांचा दर थोडा चढा.

मग १९७१वरच का अडकलं?

घटनेची मूळ कल्पना होती की दर जनगणनेनंतर जागा पुन्हा वाटायच्या. कलम ८२ त्यासाठीच आहे. १९५२, १९६२ आणि १९७२च्या कायद्यांनी परिसीमन आयोग (म्हणजे जागा आणि मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारे आयोग) नेमले गेले आणि जागाही बदलल्या. पहिल्या लोकसभेत ४८९ जागा होत्या.

पुढे कुटुंबनियोजनाची मोहीम सुरू झाली आणि एक अडचण दिसू लागली. जे राज्य 'हम दो हमारे दो' मनावर घेईल, त्याचेच खासदार कमी होणार. ए विंगसारखंच. म्हणून १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं वाटणी १९७१च्या आकड्यावर गोठवली, २०००नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. ती वेळ आली तेव्हा ८४व्या दुरुस्तीनं मुदत पुढे ढकलली, २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत. परीक्षेत इथे हटकून मार्क जातात. '२०२६मध्ये जागा बदलणार' हे उत्तर चूक. वर्ष महत्त्वाचं नाही, त्यानंतरची जनगणना महत्त्वाची. २०२१ची जनगणना लांबली आणि आता जी व्हायची आहे तिचा संदर्भ दिवस आहे १ मार्च २०२७ (बर्फाळ प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६). म्हणजे नेमकी २०२६नंतरची पहिली. महिलांच्या एक-तृतीयांश आरक्षणाची २०२३ची १०६वी दुरुस्तीही जनगणना आणि त्यानंतरच्या परिसीमनाच्या खुंटीलाच टांगलेली आहे.

२०११ घालून बघा

नवे आकडे येईपर्यंत सरावाला २०११ चांगलं. देश १२१.०८ कोटी, महाराष्ट्र ११,२३,७४,३३३. कृती तीच: राज्य भागिले देश, गुणिले ५४३. महाराष्ट्राचं उत्तर येतं ५०.४. म्हणजे ४८चे ५०. आपला फायदा किरकोळ, आणि हे ऐकून वर्गात दर वेळी थोडी निराशा होते. मुंबई-ठाणं-पुणं एवढं फुगलेलं दिसतं, पण त्यातली किती माणसं महाराष्ट्राबाहेरून आली आणि किती रत्नागिरी, सातारा, बुलढाण्याहून, हे खिडकीतून कळत नाही. राज्यातल्या राज्यात झालेल्या हलवाहलवीनं राज्याचा वाटा वाढत नसतो.

उत्तर प्रदेश (१९.९८ कोटी) जवळजवळ ९०वर जातो, बिहार (१०.४१ कोटी) ४७वर. तमिळनाडू (७.२१ कोटी) ३९वरून ३२वर आणि केरळ (३.३४ कोटी) २०वरून १५वर. छोट्या राज्यांची सूट इथे आपण धरलेली नाही, म्हणून एखाद्या जागेचा फरक पडेल, पण कल हाच राहील. दुसऱ्या बाजूनंही बघता येतं: २०११ला एका खासदारामागे केरळमध्ये १६.७ लाख माणसं, महाराष्ट्रात २३.४ लाख आणि राजस्थानात २७.४ लाख. १९७१ला हीच तीन राज्यं एका ओळीत उभी होती.

कुणाचीच जागा जाऊ द्यायची नसेल तर? एक मार्ग म्हणजे एकूण जागा वाढवणं. केरळच्या २० तशाच ठेवून सगळ्यांना केरळचा दर लावा. १२१.०८ कोटी भागिले १६.७ लाख, म्हणजे ७२५ जागांची लोकसभा. त्यात महाराष्ट्र ६७, उत्तर प्रदेश १२०, तमिळनाडू ४३. कुणाचंच काही गेलं नाही असं वाटतं. आता टक्के काढा. केरळचा वाटा ५४३मध्ये २० होता, तेव्हा ३.७ टक्के. ७२५मध्ये २० असेल, तेव्हा २.८. खुर्च्या तेवढ्याच, वजन कमी. सभागृहात मत मोजताना टक्केच चालतात, त्यामुळे 'जागा वाढवल्या की वाद मिटेल' हे मला पटत नाही. शिवाय कलम ८१मध्ये राज्यांसाठी ५३० आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी २० ही कमाल मर्यादा आहे. ती ओलांडायची तर आधी घटनादुरुस्ती करावी लागेल. नव्या संसद भवनात लोकसभेच्या दालनात ८८८ आसनं आहेत, पण आसनं म्हणजे जागा नव्हेत.

आता ठाण्याकडे

दुसरी वाटणी शिकायला ठाण्याइतका चांगला जिल्हा दुसरा नाही. इथे जिल्हा म्हणजे जुना, अखंड ठाणे जिल्हा. पालघर १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला.

आधी विधानसभेचा दर काढा, कारण लोकसभेचा मतदारसंघ विधानसभेच्या मतदारसंघांचा बनतो. महाराष्ट्रात २८८ भागिले ४८, म्हणजे प्रत्येक लोकसभेत सहा. १९७१चे ५,०४,१२,२३५ भागिले २८८: १,७५,०४२. तेव्हा ठाणे जिल्हा २२,८१,६६४ माणसांचा होता. भागा. १३.०३. आणि २००४च्या निवडणुकीपर्यंत ठाणे जिल्ह्यात १३च आमदार निवडून येत होते.

आता २००१. राज्य ९,६८,७८,६२७ भागिले २८८: ३,३६,३८४. ठाणे जिल्हा ८१,३१,८४९. भागिले तोच दर: २४.१७. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगानं दिले २४. लोकसभेचं करा: ९,६८,७८,६२७ भागिले ४८ म्हणजे २०,१८,३०५; ठाणे ४.०३. जागा चार: पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे. त्याआधी दोनच होत्या, ठाणे आणि डहाणू. जुन्या ठाणे मतदारसंघात ठाणे, बेलापूर, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ सगळं एका खासदाराच्या पदरात होतं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे: १३चे २४ झाले ते २००१च्या आकड्यामुळे. ८७व्या दुरुस्तीनं राज्याच्या आतल्या वाटणीपुरता तो आकडा वापरायला परवानगी दिली आणि २००८पासून नवे मतदारसंघ लागू झाले.

हात बसावा म्हणून मुंबईचंही करून बघा. २००१ला मुंबई शहर ३३,३८,०३१ आणि उपनगर ८६,४०,४१९. दर तोच, ३,३६,३८४. उत्तरं ९.९२ आणि २५.६९ येतील. आमदार आहेत १० आणि २६.

ठाण्याला वाढीव जागा मिळाल्या त्या कुठून आल्या? एकूण २८८ आणि ४८ तर बांधलेलेच होते. म्हणजे पुन्हा सोसायटी. विदर्भाचे खासदार ११चे १० झाले, आमदार ६६चे ६२. आणि कोकणातला राजापूर मतदारसंघ नकाशावरून गेला. नाथ पै आणि मधु दंडवते जिथून निवडून यायचे, तो राजापूर. त्याचा भाग रत्नागिरीबरोबर जोडला जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. माझं गाव राजापूर तालुक्यातलं. वडील नोकरीसाठी कोपरीला आले, मागून काका आले, आत्याचं बिऱ्हाड कळव्याला पडलं. वाडीत अर्ध्या घरांना कुलपं. माणसं ठाण्याला आली आणि चाळीस वर्षांनी खासदारकी त्यांच्या मागोमाग आली, एवढंच म्हणायचं.

नवी मुंबईकरांसाठी एक वेगळी सूचना. विधानसभा मतदारसंघ आखताना जिल्ह्याची हद्द ओलांडली जात नाही. लोकसभेला ती ओलांडता येते. ऐरोली आणि बेलापूर ठाणे जिल्ह्यात, म्हणून ते ठाणे लोकसभेत, मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी आणि ठाणे यांच्याबरोबर. खारघर, कामोठे, कळंबोली हे पत्त्यात 'नवी मुंबई' लिहीत असले, तरी ते पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. पनवेल विधानसभा जोडली आहे मावळ लोकसभेला. त्यामुळे खारघरचा माणूस आणि घाटावर चिंचवडला राहणारा माणूस एकच खासदार निवडतात. खारघरहून येणाऱ्या एका मुलाला हे सांगितलं, तेव्हा त्यानं आईचं मतदार ओळखपत्र फोटो काढून मागवलं आणि मग विश्वास ठेवला. तुम्हीही ओळखपत्रावर विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक बघा. १४५ ते १४८, १५० किंवा १५१ असेल तर लोकसभा ठाणे; १४९, म्हणजे मुंब्रा-कळवा असेल तर कल्याण; १८८ असेल तर पनवेल, म्हणजे मावळ.

नवा आराखडा येईल तेव्हा

मागच्या आयोगाची पद्धत लक्षात ठेवा. अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश. सोबत निवडणूक आयोगाचा एक सदस्य आणि राज्य निवडणूक आयुक्त. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य, पण त्यांना मत नाही. आधी मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. जे काही म्हणायचं ते त्याच खिडकीत म्हणायचं, कारण अंतिम आदेशाला कलम ३२९मुळे न्यायालयात आव्हान देण्याची वाट जवळपास बंद असते.

हरकत लिहिताना 'आमच्यावर अन्याय' असं मोघम लिहिलेलं पत्र बाजूला पडतं. वॉर्डनिहाय जनगणनेचे आकडे घ्या, राज्याचा दर काढा, आणि आपला मतदारसंघ दरापेक्षा किती वर-खाली आहे ते एका ओळीत लिहा. मग हद्दीचं कारण द्या: मध्ये खाडी आहे, रेल्वेचे रूळ आहेत, पूल नाही. आकडे मतदारांचे देऊ नका. मतदारयादी वेगळी आणि लोकसंख्या वेगळी. कालच जन्मलेलं बाळही लोकसंख्येत धरतात.

आणि माणूस कुठे मोजला जातो, हे घरात आधीच ठरवून ठेवा. जनगणनेचा माणूस मतदारयादी विचारत नाही, कोण कुठे राहतं ते विचारतो. आमच्याकडे हा वाद आईवरून झाला. ती सहा महिने कोपरीला आणि सहा महिने गावाला असते. रेशन कार्ड इकडचं, जीव तिकडचा. शेवटी आम्ही पंचांग काढलं. २०२७ची होळी मार्चच्या उत्तरार्धात आहे, आणि आई शिमग्याच्या आठवडाभर आधी गाडीत बसते. म्हणजे फेब्रुवारीत प्रगणक दार वाजवेल तेव्हा ती कोपरीलाच असेल. हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग राजापुरात कोण उरलं मोजायला?"